शिर्डीच्या गच्चीवरच्या ७३ तबकड्या: ऊन गोळा करून स्वयंपाक कसा होतो

शिर्डीच्या साईबाबा संस्थानच्या प्रसादालयाची गच्ची आरशांच्या तबकड्यांनी भरलेली आहे. त्या ऊन गोळा करून स्वयंपाकाची वाफ तयार करतात, आणि त्यांचं एक काम रोज सकाळी हाताने करावं लागतं. तबकड्या आदल्या संध्याकाळी मावळतीकडे तोंड करून थांबलेल्या असतात, त्या उगवतीकडे फिरवायच्या. एकदा त्या सकाळच्या जागी आल्या की पुढे दिवसभर टायमर त्यांना सूर्याबरोबर वळवत नेतो. हे काम उशिरा झालं तर तेवढ्या वेळाचं ऊन गेलं, ते संध्याकाळी भरून काढता येत नाही.

माझं आयुष्य बॉयलर आणि वाफेच्या पाइपांच्या संगतीत गेलं. त्यामुळे सौर स्वयंपाकघराची गोष्ट निघाली की लोक आरशांकडे बघतात आणि मी त्या सकाळच्या कामाकडे बघतो. ऊन एका जागी गोळा करणं फार अवघड नाही. शाळेतल्या पोराला भिंग दिलं तर तो कागद जाळून दाखवतो. गोळा केलेलं ऊन दिवसभर त्याच जागी धरून ठेवणं, आणि वर्षभर धरून ठेवणं, ही खरी कामगिरी आहे. शिर्डीचं प्रकरण मला त्यासाठी अभ्यासावंसं वाटतं.

आधी हकीकत. संस्थानने २००२ मध्ये एक लहान यंत्रणा बसवली होती. तिच्यात ४० तबकड्या होत्या आणि साधारण तीन हजार माणसांचं जेवण होईल एवढी तिची ताकद होती. पुढे नवं, कितीतरी मोठं प्रसादालय उभं राहिलं आणि २००९ मध्ये त्याच्या गच्चीवर ७३ तबकड्यांची नवी यंत्रणा आली. प्रत्येक तबकडीचा आरसा १६ चौरस मीटर. म्हणजे एकूण ११६८ चौरस मीटर, आपल्या भाषेत जवळजवळ साडेअकरा गुंठे आरसा. उभारणी वलसाडच्या गढिया सोलर या कंपनीची. खर्च सुमारे १ कोटी ३३ लाख रुपये आला आणि त्यातले सुमारे ५८ लाख केंद्राच्या नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाने दिले. त्या वेळी जाहीर झालेला अंदाज असा होता की या तबकड्या दिवसाला ४२०० किलोपर्यंत वाफ देतील आणि वर्षाला एक लाख किलो गॅस वाचेल. या आकड्यांकडे मी पुढे परत येणार आहे.

उष्णता कशी गोळा होते हे समजून घ्यायला दाढीचा आरसा पुरे. ज्यात चेहरा मोठा दिसतो तो अंतर्गोल आरसा घ्या, खिडकीतल्या उन्हात एखाद्या पुस्तकाला टेकवून ठेवा आणि समोर काळा कागद धरून पुढेमागे सरकवा. एका अंतरावर लखलखीत ठिपका मिळेल. तीच नाभी. (डोळ्यांवर तो ठिपका येऊ देऊ नका, आणि कागदाजवळ पडदा नको.) आता आरसा तसाच राहू द्या, ठिपक्याभोवती पेन्सिलीने गोल काढा आणि घड्याळ लावा. दोनएक मिनिटांत ठिपका त्या गोलातून बाहेर पडलेला असेल. दहा मिनिटांनी तो चांगलाच लांब गेलेला असतो, वर पसरट आणि फिका झालेला असतो. सूर्य आकाशात तासाला १५ अंश सरकतो आणि त्याची चकती दिसते जेमतेम अर्ध्या अंशाची, म्हणून स्वतःच्या रुंदीएवढं अंतर तो दोन मिनिटांत कापतो. त्याचं प्रतिबिंबही तेच करतं. सगळी अडचण या दोन मिनिटांची आहे.

अर्ध्या अंशाची आणखी एक गोष्ट. नाभीत बिंदू कधीच मिळत नाही, कारण सूर्य स्वतःच बिंदू नाही. पृथ्वीपासून सूर्याचं अंतर त्याच्या व्यासाच्या साधारण १०८ पट आहे. तेव्हा आरसा कितीही निर्दोष असला तरी प्रतिबिंबाची रुंदी आरशापासूनच्या अंतराच्या १०८व्या हिश्शाहून लहान होत नाही. जपमाळेमुळे हा आकडा माझ्या लक्षात राहिला. नाभी चार मीटरवर असेल तर प्रतिबिंब पावणेचार सेंटिमीटरचं. हे आदर्श आरशाचं झालं. गच्चीवरचा आरसा काचेचे लहान लहान सपाट तुकडे चौकटीवर बसवून केलेला असतो, चौकट वाऱ्याने थोडी हलते, जोडणीत थोडा फरक राहतो, त्यामुळे प्रत्यक्षात उजेडाचा गोळा परातीएवढा पडतो. म्हणून त्याला झेलणारा रिसीव्हरही तसाच परातीएवढा करावा लागतो.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा, कारण चांगली शिकलेली माणसंही तो बाळगून असतात. आरशाने उष्णता वाढत नाही. तबकडीवर जेवढं ऊन पडलं त्याहून कणभरही जास्त नाभीत येत नाही, उलट काचेत आणि धुळीत काही जातंच. मग गोळा करायचं कशासाठी? तापमानासाठी. गरम वस्तू उष्णता गमावते ती तिच्या उघड्या पृष्ठभागातून, आणि जितकी जास्त गरम तितकी जास्त गमावते. घरावर पाणी तापवणारं सपाट पॅनल घ्या. ते दोन चौरस मीटरमधून ऊन घेतं आणि त्याच दोन चौरस मीटरमधून उष्णता सांडत राहतं. पाणी साठ-सत्तर अंशांपर्यंत गेलं की येणं आणि जाणं बरोबरीला येऊ लागतं. आंघोळीला ते ठीक, पण त्यावर भात शिजत नाही. तबकडीत ऊन घेणारा पृष्ठभाग दहा-बारा चौरस मीटरचा (सोळाचा का नाही ते पुढे येईल) आणि उष्णता सांडणारा पृष्ठभाग परातीएवढा, म्हणजे चौरस मीटरचा सहावा हिस्सा. दार मोठं आणि गळती लहान. म्हणून रिसीव्हरचा पृष्ठभाग साडेपाचशे अंशांच्या घरात जाऊ शकतो आणि आतल्या पाण्याची दाबाखालची वाफ होते.

याची किंमतही आहे. नाभीत येतात ते फक्त सूर्याच्या चकतीकडून सरळ येणारे किरण. ढगांनी, धुक्याने, धुरळ्याने विखुरलेला उजेड सगळ्या दिशांनी येतो आणि आरसा त्याला सगळ्या दिशांना परत पाठवतो. सावली पडत नाही अशा पांढुरक्या दिवशी सपाट पॅनल थोडंफार कोमट पाणी देईल, तबकडी काहीच देणार नाही. जमिनीवर तुमची सावली कडक काठाची पडते का, एवढं बघितलं की आज गच्ची चालणार की नाही हे कळतं.

आता ती दोन मिनिटांची अडचण. साधी तबकडी, आपल्या छपरावरच्या टीव्हीच्या डिशसारखी, सूर्याकडे तोंड करून फिरवत ठेवता येते. पण तिची नाभी तिच्यासमोर असते आणि तबकडी वळली की नाभीही वळते. मग पातेलं किंवा वाफेची नळी तबकडीबरोबर आकाशात फिरवावी लागते. एका कुटुंबाच्या सौर चुलीत ते चालतं, पातेलं मध्ये टांगलेलं असतं. ७३ तबकड्यांना दाबाच्या वाफेचे ७३ हलते सांधे जोडायचे म्हटलं तर मी ते काम घेणार नाही. हलता सांधा म्हणजे गळका सांधा.

या अडचणीवरचा तोडगा वोल्फगांग शेफलर या ऑस्ट्रियन भौतिकशास्त्रज्ञाने काढला. १९८६ मध्ये उत्तर केनियातल्या एका मिशन केंद्रात त्याने आपली पहिली नीट चालणारी तबकडी बसवली, ती जेमतेम दीड मीटर लांब होती. कल्पना अशी. अन्वस्ताकार, म्हणजे पॅराबोलाच्या आकाराच्या, वाडग्याचा मधला भाग न घेता एका बाजूचा तिरपा काप घ्यायचा. मधल्या भागाची नाभी समोर येते, बाजूच्या कापाची नाभी बाजूला, तबकडीच्या सावलीबाहेर पडते. मग तबकडी ज्या आसाभोवती फिरणार तो आस नेमका त्या नाभीतून जाईल असा ठेवायचा. आसावरचा बिंदू फिरताना हलत नाही, जात्याच्या मधल्या खुंट्यासारखा. तबकडी फिरते, नाभी जागेवर.

आस कोणता, तर पृथ्वीच्या आसाला समांतर. म्हणजे गच्चीवरचा तो लोखंडी दांडा रात्री ध्रुवताऱ्याकडे रोखलेला असतो. शिर्डीचा अक्षांश १९.८ अंश, म्हणून तिथे दांड्याचं उत्तरेकडचं टोक साधारण वीस अंश वर उचललेलं हवं. तिरुमलाला ते १४ अंशांच्या आसपास येईल, जर्मनीत पन्नासच्या. हे जुळलं की उरतो साधा हिशेब: पृथ्वी तासाला १५ अंश पूर्वेकडे वळते, तबकडी तासाला १५ अंश पश्चिमेकडे वळवायची. सूर्य शोधायला सेन्सर लागत नाही, संगणक लागत नाही. भिंतीवरच्या घड्याळाइतकी अक्कल पुरते, आणि सुरुवातीच्या काही तबकड्या खरोखर वजनावर चालणाऱ्या घड्याळी यंत्राने फिरत असत. शेफलरने या रचनेवर पेटंट घेतलं नाही, ती ज्याला हवी त्याला करू दिली. गावातल्या वेल्डिंगच्या दुकानात होऊ शकेल अशीच ती आहे.

पण एक गाठ राहते, आणि मला या रचनेतला सगळ्यात सुंदर भाग तिथेच दिसतो. सूर्य फक्त पूर्व-पश्चिम फिरत नाही. उत्तरायण-दक्षिणायनात तो सहा महिन्यांत ४७ अंश उत्तर-दक्षिण सरकतो. रोजची फिरकी याची दखल घेत नाही. तबकडीचा कल बदलायला हवा, आणि आरसा अर्धा वळला की किरण पूर्ण वळतो, म्हणून २३.५ अंशांची झुकवणी पुरते. पण नुसतं झुकवून भागत नाही. कल बदलला की वाडग्याचा दुसराच काप लागतो, जास्त खोल किंवा जास्त पसरट. म्हणून तबकडीची चौकट मुद्दाम लवचिक केलेली असते. दोन टोकांचे दांडे लांब-आखूड केले की ती झुकते आणि झुकता झुकता किंचित वाकून ऋतूचा आकारही घेते. एवढ्या मोठ्या आरशाचा बाक माणूस हाताने बदलतो आणि रिसीव्हरवरचा उजेडाचा गोळा परत घट्ट होतो.

जून आणि डिसेंबरच्या अखेरीस सूर्य जवळजवळ थबकलेला असतो, तेव्हा ही जुळणी आठवडाभर नाही केली तरी चालतं. २१ मार्च आणि २३ सप्टेंबरच्या सुमारास तो रोज ०.४ अंश सरकतो. तेव्हा दर दोन-तीन दिवसांनी गच्चीवर जायलाच हवं. सप्टेंबरचं विशेष लक्षात ठेवण्यासारखं आहे. पावसाळ्यात यंत्रणा अर्धवट पडून असते, ऊन परत येतं, लोक टायमर सुरू करतात आणि जुळणी जूनमधलीच राहून जाते. मग "पावसानंतर वाफ कमी झाली" अशी तक्रार येते. यंत्र बिघडलेलं नसतं, त्याचं पंचांग मागे राहिलेलं असतं.

या तिरप्या कापाला एक मोल द्यावं लागतं. १६ चौरस मीटर आरसा सूर्यासमोर तिरका उभा असतो, म्हणून त्यात सापडणारं ऊन कमी रुंदीचं असतं. विषुवदिनाला ते साधारण पावणेबारा चौरस मीटर भरतं. ऋतूप्रमाणे ते सव्वानऊपासून साडेतेरापर्यंत बदलतं, आणि उभी बसवलेली तबकडी हिवाळ्यात जास्त ऊन पकडते तर आडवी बसवलेली उन्हाळ्यात. म्हणून दोघींना समोरासमोर बसवून रिसीव्हर मध्ये ठेवण्याची पद्धत पडली. एकीची तूट दुसरी भरून काढते आणि वाफ वर्षभर बऱ्यापैकी सारखी राहते.

रिसीव्हरपासून पुढचा प्रवास माझ्या ओळखीचा. रिसीव्हरच्या वर आडवे जाडजूड पाइप आहेत, ते हेडर. त्यांच्या खालच्या अर्ध्या भागात पाणी, वरच्या अर्ध्या भागात वाफ. हेडरमधलं तुलनेने थंड पाणी एका नळीने रिसीव्हरच्या तळाशी उतरतं, तिथे उकळतं आणि बुडबुड्यांनी भरून दुसऱ्या नळीने परत हेडरमध्ये चढतं. बुडबुड्यांचं पाणी हलकं, नुसतं पाणी जड, या फरकावरच चक्र फिरत राहतं. याला थर्मोसायफन म्हणतात. पंप नाही, त्यामुळे वीज गेली म्हणून रिसीव्हर कोरडा पडण्याची भीती नाही. साडेपाचशे अंशांच्या पृष्ठभागामागे पाणी नसेल तर काय होतं हे ज्याने पाहिलंय त्याला या साधेपणाची किंमत कळेल. ऊन वाढलं की चक्र आपोआप वेगाने फिरतं, ढग आला की मंदावतं. वाफ हेडरमध्ये साठत जाते, दाब चढतो, आणि स्वयंपाकघरातला वॉल्व्ह उघडेपर्यंत गरम पाणी आणि वाफ मिळून ती उष्णता सांभाळून ठेवतात. ही साठवण तात्पुरती आहे. एखादा ढग निघून जाईपर्यंत ती पुरते, रात्र काढायला नाही.

खाली ही वाफ भात, वरण आणि भाज्यांच्या मोठ्या पातेल्यांना मिळते. वाफेवर शिजवण्यात एक फायदा आहे जो इंधनाच्या हिशेबात कुठेच दिसत नाही: बूड लागत नाही. गॅसच्या ज्योतीवर शंभर लिटरचं वरण ठेवलं तर एक माणूस उलथनं घेऊन उभाच करावा लागतो. वाफेला आपल्या तापमानाच्या वर जाताच येत नाही. ती भांड्याच्या गार भिंतीला टेकते, तिचं पाणी होतं, आणि होताना दर किलोमागे ५०० किलोकॅलरीहून अधिक उष्णता देऊन जाते. त्याच कारणाने वाफेवर पोळी होत नाही आणि बुंदीही तळली जात नाही. पोळीला दोनशे अंशांच्या वरचा कोरडा तवा लागतो. म्हणून "अख्खा स्वयंपाक सूर्यावर" असं कोणी म्हणालं की मी पोळ्यांचं काय, हे आधी विचारतो. वरण-भात-भाजी सूर्यावर, पोळी आणि गोडधोड गॅसवर, असंच हे प्रकरण मांडायला हवं, आणि तेवढंही खूप आहे.

आता आकड्यांकडे. एक किलो साध्या पाण्याची दाबाखालची वाफ करायला साधारण २.६ मेगाज्यूल उष्णता लागते. ४२०० किलो वाफेला म्हणजे सुमारे ११ हजार मेगाज्यूल, विजेच्या भाषेत तीन हजारांवर युनिट. ७३ने भागलं तर एका तबकडीच्या वाट्याला दिवसाला ४२ युनिट. स्वच्छ दिवशी सूर्याचा पाठलाग करणाऱ्या पृष्ठभागावर त्या भागात चौरस मीटरला सहा युनिट सरळ ऊन धरलं, तर पावणेबारा चौरस मीटरवर सत्तर युनिट येतात. सत्तरातून बेचाळीस काढायचे, म्हणजे ६० टक्के. आरसा पुसलेला आणि जुळणी नीट असेल तर हे जमतं. मळकट आरशावर जमत नाही. तेव्हा ४२०० किलो हा चांगल्या दिवसाचा आकडा आहे असं मी मानतो. तो खोटा नाही, रोजचाही नाही.

गॅसचंही असंच. एक किलो एलपीजी ४६ मेगाज्यूल देतो. बॉयलर आणि पाइपातली गळती धरून ८० टक्के हाती लागले, तर ११ हजार मेगाज्यूलसाठी ३०० किलो गॅस लागतो, म्हणजे १९ किलोचे सोळाएक सिलिंडर. रोज. वर्षाला एक लाख किलो वाचायचे तर असे ३३३ दिवस हवेत. शिर्डी पर्जन्यछायेतलं गाव, पाऊस कमी, पण जुलै-ऑगस्टचं आभाळ तिथेही झाकलेलंच असतं. मी २५० चांगले दिवस धरतो आणि ७५ हजार किलोवर थांबतो. जाहीर अंदाजाच्या पाऊण पट. अनुदान वजा जाता संस्थानचा खर्च जवळपास ७५ लाख रुपये, तेव्हा हिशेब तोंडी करता येतो: गॅस किलोला ५० रुपये असेल तर दोन वर्षांत वसूल, ८० असेल तर सव्वा वर्षात. अनुदान धरलंच नाही तरी पन्नासच्या भावाने साडेतीन वर्षं. देखभालीचा खर्च यात नाही, तो घातला तर थोडं लांबेल. तरीही वाफेच्या धंद्यात इतक्या लवकर फिटणारी यंत्रं मी फार पाहिलेली नाहीत. माझा कमी धरलेला आकडाही जर एवढा भक्कम असेल, तर मोठा आकडा सांगून लोकांच्या अपेक्षा फुगवायची गरज काय, हे मला मनापासून वाटतं. पहिल्या पावसाळ्यात अपेक्षा मोडते आणि मग गच्चीवर जाणं बंद होतं.

गच्चीवर जाणं बंद झालेली एक जागा मी जवळून पाहिली आहे. नाव सांगत नाही, एका निवासी शाळेची इमारत होती. दहा तबकड्या होत्या. टायमरची बॅटरी गेली होती आणि कोणीतरी ठरवलं होतं की नवी आली की बघू. तबकड्या दुपारच्या जागी थांबलेल्या. दिवसातून एकदा, सूर्य त्या दिशेला आला की उजेडाचा गोळा रिसीव्हरवरून सरकत जायचा आणि शेजारच्या भिंतीवर चढायचा. भिंतीचा रंग एका तिरक्या पट्ट्यात करपला होता, कोणी तापलेली पळी ओढावी तसा. काचेच्या पट्ट्या एका कडेने सुटून लोंबत होत्या. रिसीव्हरच्या आडोशाला कबुतराने काड्या जमवल्या होत्या. मी एका आरशावरून बोट फिरवलं, बोटाला पीठ लागावं तशी धूळ आली आणि मागे स्वच्छ निळ्या आभाळाची एक रेघ उमटली. खाली स्वयंपाकघरात मावशी गॅसवर खिचडी ढवळत होत्या. त्यांना विचारलं तर म्हणाल्या, "दादा, पहिल्या वर्षी लई चांगलं चालायचं. वरचा पोरगा सोडून गेला ना."

वरचा पोरगा. शिर्डीसारख्या संस्थानात माणसं आहेत, पैसा आहे, रोज हजारो पानं वाढायची निकड आहे, आणि सोबतीला जुना बॉयलरही त्याच वाफेच्या लाइनीला जोडलेला आहे. यंत्रणा चालण्यात या शेवटच्या गोष्टीचा वाटा मोठा आहे. सूर्याची वाफ आणि बॉयलरची वाफ एकाच हेडरमध्ये येतात. ऊन आहे तोवर बॉयलर कमी जळतो, ढग आला की तो भार उचलतो, आणि खाली आचाऱ्याला वॉल्व्ह एकच. त्याला आभाळाकडे बघत डाळ टाकावी लागत नाही. सकाळच्या पहिल्या पातेल्यांना सूर्य तापेपर्यंत बॉयलर, साडेनऊ-दहापासून चारपर्यंत गच्ची, रात्रीला पुन्हा बॉयलर. जिथे सूर्याची लाइन वेगळी आणि गॅसची वेगळी ठेवली जाते, तिथे आचारी पहिल्या ढगाळ आठवड्यात गॅसवर जातो आणि परत येत नाही. त्याचा दोष नाही. पंगत बसलेली असते.

अशाच धर्तीची दुसरी मोठी उदाहरणं देशात आहेत. तिरुमलाला २००२ मध्ये १०६ तबकड्यांची यंत्रणा बसली, पंधरा हजार माणसांच्या जेवणासाठी. अबू रोडला ब्रह्माकुमारींच्या स्वयंपाकघरावर ८४ तबकड्या आल्या, आणि त्याच परिसरात पुढे त्यांनी ६० चौरस मीटरच्या ७७० तबकड्या उभ्या करून एक मेगावॅट वीज तयार करणारं केंद्र उभारलं. तिथे नाभीत बिडाचा मोठा गोळा असतो, तो दिवसभर तापतो आणि रात्री वाफ देतो. शिर्डीत नाही ती रात्रीची साठवण तिथे आहे.

लातूरला मात्र उलट विचार झाला. महानंदच्या दूधप्रक्रिया केंद्रात २००६च्या आसपास एकच प्रचंड तबकडी उभी राहिली, 'अरुण' नावाची, जवळपास १६० चौरस मीटरची, आयआयटी मुंबईच्या सहभागातून झालेली. ती दोन्ही आसांवर सूर्याचा पाठलाग करते, रिसीव्हर तिच्याबरोबरच फिरतो आणि दाबाखालचं गरम पाणी दूध तापवायला जातं. तिथे हलते सांधे आहेत, पण मोजकेच, आणि सांभाळायला कारखान्याचे फिटर आहेत. ती सूर्याला नेहमी सरळ सामोरी असते, तिरप्या कापाचं नुकसान नाही, जमिनीवर पाय ठेवायला एक खांब पुरतो. दूध केंद्राला ती योग्य. पण तिचा एक मोटर-गिअर बिघडला की सगळं थांबतं. शिर्डीत एक तबकडी अडकली तर ७२ चालू राहतात, आणि तिची जुळणी करायला पाना आणि शिडी लागते. स्वयंपाकघरासाठी मी आजही ७३ लहान तबकड्याच निवडेन.

गेल्या काही वर्षांत सौर विजेचे पॅनल इतके स्वस्त झाले की हा प्रश्न मला हमखास विचारला जातो: गच्चीवर पॅनल टाकून विजेवरच का शिजवू नये? लहान स्वयंपाकघराला, वीस-पंचवीस पानांच्या, मी स्वतः तेच सांगतो. पॅनल पांढुरक्या आभाळातही थोडं देतं, ढगांना घाबरत नाही, सकाळी वळवावं लागत नाही. पण पॅनल उन्हाचा पाचवा हिस्सा विजेत बदलतं आणि नीट जुळलेली तबकडी निम्म्याहून अधिक ऊन वाफेत घालते. गच्ची मर्यादित आणि पानं हजारांत असतील, वर वाफेचीच पातेली आधीपासून असतील, तर अजूनही तबकडीचं पारडं जड आहे. देखभालीला माणूस नसेल तर ते पारडं लगेच फिरतं.

वसतिगृहं, आश्रमशाळा, देवस्थानं माझ्याकडे सल्ल्याला येतात तेव्हा मी त्यांना आधी गच्चीवर नेतो. सकाळी नऊ ते दुपारी चार तिथे कशाकशाची सावली पडते ते २१ डिसेंबरच्या आसपास बघून या म्हणतो, तेव्हा सूर्य सगळ्यात खाली असतो. आरसे धुवायला पाणी गच्चीपर्यंत येतं का? उसाच्या हंगामात आणि मळणीच्या दिवसांत आठवड्यातून दोनदा धुवावे लागतात. सकाळी तबकड्या कोण वळवणार, आणि तो रजेवर गेला तर दुसरं कोण? सप्टेंबरात जुळणी कोण करणार? या माणसांची नावं मी कागदावर लिहून घेतो आणि मगच तबकड्या किती हे बोलतो. शेवटी शेजारच्या रिकाम्या जागेबद्दल विचारतो. पूर्वेला, पश्चिमेला किंवा दक्षिणेला पुढे तीन मजले चढणार असतील तर जागा आजच बदललेली बरी.